जुनी पिकअप घ्यावी की भाड्याची चालवावी?

वडनेर भोलजी हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान. पूर्वी या रस्त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. रस्ता रुंद झाला तशी इकडच्या तरुणांची नजर मालवाहतुकीकडे वळली, आणि त्यातही तातडीच्या मालाकडे. फोन आला की निघायचे, बऱ्हाणपूरहून गाठी उचलायच्या आणि दुकान बंद होण्याच्या आत पोचवायच्या. धंदा मेहनतीचा आहे, हलाल आहे. गाडीच्या बाबतीत मात्र बहुतेक जण एकच रस्ता धरतात: घरातले दागिने मोडायचे, वडिलांनी हजसाठी जमवलेली रक्कम काढायची, उरलेले व्याजाने उचलायचे आणि दहा-बारा वर्षे चाललेली पिकअप दारात आणून उभी करायची. या घाईला आमचा विरोध आहे.

आम्ही कापडवाले, गाडीवाले नव्हे. पण भाडे आमच्याच गल्ल्यातून जाते, म्हणून हिशेब आम्हांसही ठाऊक आहे. समजा जुनी गाडी तीन लाखांना पडली. विमा, पासिंग, कर, टायर, दुरुस्ती आणि दर वर्षी उतरणारी किंमत मिळून वर्षाला दीड लाख धरू. एका खेपेचे भाडे चार हजार. त्यातून डिझेल आणि ड्रायव्हरचे दोन हजार गेले तर हाती दोन हजार. म्हणजे वर्षात ७५ खेपा झाल्यावर गाडीने फक्त स्वतःचे पोट भरले. महिन्याला सहा-सात खेपा. आकडे प्रत्येकाने आपल्या गाडीचे घालावेत, पण मांडणी हीच. यावर कोणी म्हणेल, सहा-सात खेपा काय, सहज होतील! कापूस निघतो त्या दिवसांत होतील, ईद-दिवाळीच्या तोंडावर होतील. आषाढ-श्रावणात कोण बोलावणार? आणि परतीचा माल मिळाला नाही तर डिझेल दोन्ही बाजूंचे आपलेच.

भाड्याच्या गाडीत असे नाही. काम असेल त्या दिवसांपुरती, किंवा हंगामाचे तीन-चार महिने ठोक भाड्याने घ्यावी. "भाडे म्हणजे पाण्यात पैसा, गाडी तरी आपली राहते," असे नेहमी ऐकू येते. पंधरा वर्षांची झालेली गाडी आपली राहते ती कशी, ते पासिंगच्या वेळी कळते. व्यापारी गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दर वर्षी पासिंग लागते. आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. पंधरा वर्षांपुढील गाड्यांची पासिंगची फी केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून अनेक पटींनी वाढवली. म्हणून स्वस्तात मिळालेली म्हातारी गाडी सहसा महाग पडते.

आमच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. तातडीच्या मालात विकला जातो तो वेळ. रमजानच्या आखरी अशऱ्यात मागवलेले ड्रेस मटेरियल चाँदरातीनंतर पोचले तर ते पुढच्या वर्षापर्यंत फळीवर पडून राहते. जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की दुसरी शोधा, माल हलवा, ई-वे बिलात गाडीचा नवा नंबर भरा. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असल्याने पन्नास हजारांवरील मालास हे बिल लागतेच. राज्यातल्या राज्यात महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. असे दोनदा झाले की व्यापारी तिसऱ्यांदा फोन करत नाही. तो भांडतही नाही, गुपचूप दुसऱ्याला सांगतो.

भाड्याच्या व्यवहारात मात्र आपले लोक तोंडी बोलण्यावर चालतात, हे बरे नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे; मग गाडीचा करार का लिहू नये? इंजिन-गिअरबॉक्सची मोठी दुरुस्ती मालकाची, डिझेल आणि रोजची देखभाल चालवणाऱ्याची, चलान कोणाचे, गाडी बंद पडली त्या दिवसाचे भाडे कापायचे की नाही, एवढे तरी स्टॅम्प पेपरवर यावे. विमा चालू आहे का, ते कागद हातात घेऊन पाहावे. लायसन्सची एक अडचण दूर झाली आहे: ७,५०० किलोहून कमी एकूण वजनाची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

जुनी गाडी कधीच घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला बारा महिने पुरेल असे काम बांधलेले आहे, ज्याच्याकडे रक्कम रोख आहे आणि ज्याला आठ वर्षांच्या आतली गाडी मिळते, त्याने अवश्य घ्यावी. रोख कमी पडत असेल तर दोघा-तिघांनी शरीक होऊन नफा-नुकसान वाटून घ्यावे. व्याजाचे आम्ही वेगळे काय सांगावे? दीनचा हुकूम सर्वांना ठाऊक आहे. दुनियेच्या हिशेबानेही जुन्या गाडीवरील कर्जाचा दर नव्या गाडीहून सहसा जास्तच असतो, आणि हप्ता श्रावण पाहत नाही.

घेताना फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन चौदा दिवसांत नाव बदलण्यास टाकावे. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आधी हातात, पैसे नंतर. जुनी चलाने, थकलेला कर, फास्टॅग कोणाच्या नावे, हेही पाहावे. विकणाऱ्यानेही यात ढिलाई करू नये, कारण अपघात झाल्यास भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

ज्यांचे अजून ठरत नाही त्यांनी येत्या कापसाच्या हंगामात तीन महिने भाड्याची गाडी चालवावी आणि रोजची वही ठेवावी: खेप कोणाची, रिकामे किलोमीटर किती, उधारी किती दिवसांनी आली. उधारीचा रकाना विसरू नये. आमच्या बाजारात भाडे ठरते सकाळी आणि मिळते पुढच्या महिन्यात, डिझेल मात्र पंपावर रोखच लागते.