मागचा मार लपवू नका!

आमच्या वर्गातली बहुतेक मुले सॉकर, हॉकी नाहीतर क्रिकेट खेळतात. डोक्याला मार लागला की आमचे उत्तर ठरलेले असते: "काही नाही, मी ठीक आहे." खरे सांगितले तर टीममधली जागा जाईल, ही भीती. घरीही कधीकधी ऐकू येते, "एवढ्याने काय होतंय!"

आम्हांला हे चूक वाटते. कन्कशनमध्ये मेंदू कवटीच्या आत हादरतो. टेंगूळ नसले, स्कॅनमध्ये काही दिसले नाही, तरी डोकेदुखी, चक्कर, मळमळ होऊ शकते. एकदा कन्कशन झाले की पुन्हा होण्याचा धोका वाढतो. आधीचे नुकतेच झालेले असेल, तर बरे व्हायला जास्त दिवस लागू शकतात.

ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्स्कीने जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध पहिल्याच कसोटीत ६२ धावा केल्या. पण त्याला अनेकदा कन्कशन झाले होते. मार्च २०२४ मध्ये हेल्मेटवर आणखी एक चेंडू बसला, आणि २०२५ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, त्याने क्रिकेट सोडले. ती त्याची एकमेव कसोटी ठरली.

म्हणून आई-बाबांनो, खेळाच्या फॉर्मवर पूर्वीच्या दुखापती विचारल्या, तर आम्हांला विचारून खरे तेच लिहा. डॉक्टरांनाही सांगा. आणि मित्रांनो, मार लागला तर लगेच मैदानाबाहेर या. डॉक्टर म्हणतील तेव्हाच, हळूहळू परत खेळायला लागा.

एक मॅच बुडाली तर पुढच्या शनिवारी दुसरी आहे. डोके मात्र एकच आहे!