धुराच्या नळीतील संवेदक काढावा काय?

मोटारीची धुराची नळी गंजली किंवा फुटली म्हणजे ती सांधून घ्यावी लागते. अशा वेळी नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर, म्हणजेच प्राणवायूचा संवेदक, पुष्कळदा अडचणीचा ठरतो. त्याचे आटे गंजून घट्ट झालेले असतात. काढताना तो मोडतो आणि नवा घ्यावयाचा तर खर्च येतो. मग ‘भोक बुजवून टाका, गाडी त्यावाचूनही चालते,’ असा सल्ला दिला जातो. हा सल्ला सोयीचा असला तरी हिताचा नाही.

पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधले आहे की नाही, ते धुरात उरलेल्या प्राणवायूवरून कळते. संवेदकात झिर्कोनियाचे एक तप्त आवरण असते. त्याच्या एका अंगास बाहेरची हवा व दुसऱ्या अंगास धूर असतो. धुरात प्राणवायू उरला असल्यास संवेदक सुमारे ०.१ व्होल्ट, आणि जवळजवळ संपला असल्यास सुमारे ०.९ व्होल्ट विद्युत्दाब देतो. त्यानुसार एंजिनाचा नियंत्रक इंधन कमीअधिक करतो. १९७६ साली व्होल्वो मोटारींत प्रथम आलेली ही योजना, १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर, आपल्याकडील दुचाक्यांपर्यंत पोचली.

एवढ्या काटेकोरपणाचे कारण पुढील उत्प्रेरक पात्रात आहे. तेथे कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन यांना प्राणवायू द्यावयाचा असतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यावयाचा असतो. ही परस्परविरुद्ध कामे मिश्रण योग्य प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तेव्हाच एकत्र साधतात.

संवेदकावाचून गाडी चालते, हे खरे. परंतु तेव्हा नियंत्रक ठरीव अंदाजाने इंधन सोडतो आणि सामान्यतः ते गरजेपेक्षा अधिक असते. पेट्रोल वाया जाते, विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि न जळलेले इंधन उत्प्रेरकात पेटून तो अतितप्त होतो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असल्याने वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट भुर्दंड पुढे बसू शकतो. पीयूसी प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने मिळते. संवेदकाची तपासणी मात्र क्षणोक्षणी चालू असते.

संवेदकावर दोष ठेवण्यापूर्वी नळी तपासणेही अगत्याचे आहे. त्याच्या अलीकडे सांध्यात फट असेल तर बाहेरची हवा आत शिरते. संवेदक तिचीच वार्ता देतो आणि नियंत्रक व्यर्थ इंधन वाढवितो. अशा वेळी बिघाड सांध्यात असतो. उत्प्रेरकाच्या पलीकडील दुसरा संवेदक मुख्यतः उत्प्रेरकावर देखरेख करतो. तो काढल्यास गाडीच्या चालण्यात फरक जाणवत नाही, पण उत्प्रेरक निकामी झाल्याची सूचना मिळण्याची वाट बंद होते.

तेव्हा वेल्डिंगपूर्वी संवेदक जपून काढावा, सांधा हवाबंद करावा आणि संवेदक पुन्हा जागी बसवावा. निकामी झाला असल्यास गाडीस अनुरूप असा नवा घालावा. भोक बुजविणे ही दुरुस्ती नव्हे. खर्च मालकाचा असतो हे खरे, परंतु धूर त्याच्या एकट्याच्या वाट्यास येत नाही. रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकास तो श्वासावाटे घ्यावा लागतो.