वैमानिकांची टंचाई आहे, पण नेमकी कुणाची? भरती मेळाव्याला निघण्याआधी वाईकरांनी पाहायचा हिशेब

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं जमिनीवर उभी राहिली आणि देशभर प्रवासी विमानतळांवर अडकले. ५ डिसेंबरला एकाच दिवशी एक हजारापेक्षा जास्त उड्डाणं रद्द झाली. तेव्हापासून घराघरात एकच वाक्य ऐकू येतं: "पायलट कमी पडलेत, आता या लाइनला मरण नाही." वाई, पाचगणी, भुईंज भागातल्या बारावी सायन्सच्या मुलामुलींच्या मोबाईलवर जाहिराती फिरू लागल्या आहेत. कुठं 'पायलट जॉब फेअर', कुठं 'एअरलाइन करिअर मेळावा', कुठं 'आजच सीट बुक करा, नोकरीची हमी'. आपल्या समाजातले काही पालकही आता शेत किंवा घर तारण ठेवायच्या गोष्टी करतायत. म्हणून या बातमीच्या पोटात काय आहे ते आधी नीट पाहिलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

इंडिगोचा गोंधळ झाला तो विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे. वैमानिकांना आठवड्याला ३६ तासांऐवजी सलग ४८ तास विश्रांती द्यायची आणि रात्रीच्या वेळी एका वैमानिकानं सहाऐवजी दोनच लँडिंग करायचे, असे हे नियम आहेत. त्यांचा पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला आणि दुसरा १ नोव्हेंबरला लागू झाला. नियम येणार हे सगळ्यांना बरंच आधी माहीत होतं. तरी कंपनीची तयारी पुरी पडली नाही, आणि शेवटी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, इंडिगोला तात्पुरती सूट द्यावी लागली.

आता त्या दिवसांत बातम्यांत आलेले आकडे बघा. इंडिगोला आपल्या एअरबस विमानांसाठी २,४२२ कॅप्टन हवे होते आणि हाताशी होते २,३५७. पण फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणारे सहवैमानिक, हवे होते २,१५३ आणि होते २,१९४. म्हणजे तुटवडा कॅप्टनचा होता, नवीन पोरांचा नव्हे. विमानं रद्द होत होती त्याही आठवड्यात फर्स्ट ऑफिसर कागदावर तरी थोडे जास्तच होते.

हा फरक जाहिरातीत कुणी सांगत नाही. फ्लाइंग स्कूलमधून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असतो आणि २०० तासांच्या उड्डाणाची नोंद असते. कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना लागतो. त्याला १,५०० तास हवेत, आणि ते तास नोकरी लागल्याशिवाय भरत नाहीत. कॅप्टन तयार व्हायला वर्षं जातात, सीपीएलवाला दीड-दोन वर्षांत तयार होतो. २०२३ मध्ये देशात १,६२२ सीपीएल दिले गेले, तो तोवरचा उच्चांक होता. यातले सगळे विमानात बसले असं समजू नका. परवाना घेऊन घरी बसलेली, मधल्या काळात दुसरंच काहीतरी करणारी मुलं पुण्या-मुंबईत भेटतात.

मग या क्षेत्रात पुढं काही नाही का? आहे, आणि भरपूर आहे. एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, इंडिगोनं त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची, अकासानं जानेवारी २०२४ मध्ये १५० ची. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय. येत्या १०-१५ वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील असं केंद्रीय मंत्री राममोहन नायडू सांगतात. पण हे १०-१५ वर्षांचं गणित आहे आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. मधल्या काळात कंपन्या बुडतातही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी हजारो अनुभवी लोक एकदम बाजारात आले आणि नव्या मुलांची रांग मागं सरकली.

खर्चाचं आता मोकळेपणानं बोलू. भारतात सीपीएलचा खर्च ढोबळमानानं ४० ते ६० लाख. त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण. त्याचे आणखी १५ ते २५ लाख धरा. विमान कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये निवड होते, शिक्षण होतं आणि नोकरीची वाटही बरीच सरळ असते, पण तिथं आकडा एक कोटीच्या आसपास किंवा वर जातो. समजा ६० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता ८२-८३ हजार रुपये बसतो. नोकरी लागली तर हा हप्ता निघतो. परवाना मिळाल्यावर दोन वर्षं नोकरीच लागली नाही, तर तो कुणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न अब्बांनी सही करायच्या आधी विचारायचा. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात. आपल्याकडे तारण म्हणजे बहुतेक वेळा राहतं घर किंवा भावाभावांत सामाईक असलेली जमीन. चाचांची सही लागते आणि तिथून भांडणं सुरू होतात.

सूदाचा प्रश्नही आहे. अनेक घरं बँकेच्या व्याजाच्या कर्जाला हात लावत नाहीत, तर काही घरं मजबुरी समजून घेतात. याचा निवाडा करणं आमचं काम नाही, आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं. आम्ही एवढंच म्हणू की हा विचार प्रवेश घेण्याआधी व्हायला हवा. अर्ध्या प्रशिक्षणात पैसे अडकले आणि मग कर्जाची धावपळ केली, तर उड्डाणाचे तास थांबतात, दिलेल्या परीक्षांची मुदत चालू राहते आणि पोरगं घरी येऊन बसतं.

सरकारी मदत किती? मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज पाच लाखांपर्यंत, ३ टक्के दरानं मिळतं. वैमानिकाच्या खर्चात ते मीठ-मिरचीपुरतं. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या योजनेत देशातल्या शिक्षणासाठी २० लाखांपर्यंतची तरतूद कागदावर आहे, तिची जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी चौकशी करावी. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-सवलत देणारी 'पढो परदेश' योजना केंद्रानं बंद केली आहे. कुणी एजंट अजूनही तिचं नाव घेत असेल तर तिथून उठून यावं.

एक दार मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी काम करते. तिनं २०२१ मध्ये नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये २० विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. आता बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांनी मुस्लिम ओबीसींसाठी जी वर्षानुवर्षं चळवळ केली, तिचं हे फळ. पण किती घरांत जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर तयार आहे? अशी जाहिरात पुन्हा निघेल तेव्हा अर्जाची मुदत काही दिवसांचीच असणार, आणि आपण तोवर आजोबांचा शाळेचा दाखला शोधत बसणार. वाई तहसीलच्या सेतू केंद्रात हा कागद आजच करायला टाकता येतो.

याच्याच जोडीला राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये 'मार्टी', म्हणजे अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर ही संस्था हवी, अशी मागणी जुनी होती. महाज्योती वैमानिक घडवण्यासाठी पैसे देऊ शकते, तर मार्टीनं वर्षाला दहा मुलं-मुली का पाठवू नयेत? हा प्रश्न आपल्या आमदारांना, मंत्र्यांना विचारायला हवा. दुसऱ्या राज्यात असं घडलंय. हैदराबादच्या जुन्या शहरातल्या एका बेकरी कामगाराची मुलगी सय्यदा सल्वा फातिमा वैमानिक झाली. एका उर्दू दैनिकाच्या संपादकांनी हात दिला, पुढच्या प्रशिक्षणासाठी तेलंगणा सरकारनं पैसे दिले. तिची हुशारी तिची स्वतःची होती, पण नुसत्या हुशारीवर विमानाचं इंधन मिळत नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जगात महिला वैमानिकांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे, भारतात ते पंधराच्या आसपास. म्हणजे "पोरींना कोण घेणार" ही अम्मीची काळजी निदान या धंद्यात तरी खरी नाही.

आता मेळाव्याचं. सरकारी रोजगार मेळाव्यात टेबलं मांडून जशी फिटर-वेल्डरची भरती होते, तशी वैमानिकांची होत नाही. कंपन्या आपल्या संकेतस्थळावर जागा जाहीर करतात आणि अर्ज, लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक चाचणी, सिम्युलेटर आणि मुलाखत या क्रमानं निवड करतात. आखाती कंपन्या मोठ्या शहरांत ओपन डे घेतात, पण वैमानिक म्हणून त्यांना बहुतेक अनुभवीच हवे असतात. हैदराबादच्या बेगमपेठला दर दोन वर्षांनी 'विंग्ज इंडिया' भरतं, तिथं एकाच छताखाली कंपन्या आणि प्रशिक्षण संस्था बघायला मिळतात. बाकी हॉटेलच्या हॉलमध्ये होणारे बरेचसे 'पायलट मेळावे' म्हणजे फ्लाइंग स्कूलच्या आणि एजंटांच्या प्रवेशाच्या जाहिराती असतात. जायला हरकत नाही, माहिती मिळते. फक्त त्या दिवशी चेकबुक घरी ठेवावं.

आणि गेलातच तर विचारायचं काय? सगळ्यात पहिलं, त्या शाळेची डीजीसीएची श्रेणी. २०२५ च्या शरदात डीजीसीएनं प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी काढली. एकाही संस्थेला 'अ' श्रेणी मिळाली नाही, सगळ्या 'ब' आणि 'क' मध्ये बसल्या. दुसरं, चालू स्थितीतली विमानं किती आणि विद्यार्थी किती, कारण इथंच वर्षाची तीन वर्षं होतात. तिसरं, गेल्या दोन वर्षांत किती मुलं २०० तास पूर्ण करून बाहेर पडली. परदेशातल्या शाळेबद्दल विचारत असाल तर तो परवाना भारतात बदलून घेण्याचा खर्च आणि वेळ वेगळा धरा. पैसे टप्प्याटप्प्यानं भरू देतात का हेही विचारा. पूर्ण फी आगाऊ मागणारा कितीही गोड बोलला तरी थांबा.

वाईपासून साधारण शंभर किलोमीटरवर बारामतीत प्रशिक्षणाची विमानं उडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या एका अकादमीची दोन विमानं चार दिवसांत कोसळली आणि डीजीसीएनं तिचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं होतं. जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर तर घराघरात भीती आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. म्हणूनच सुरक्षेबद्दल विचारायला लाजू नये. चांगली शाळा या प्रश्नानं रागावत नाही. पर्याय म्हणून गोंदियाची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था, धुळ्यात प्रशिक्षण देणारा १९२८ चा बॉम्बे फ्लाइंग क्लब आणि उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी अकादमी, हीही नावं बघून ठेवा.

ज्यांच्याकडे सीपीएल आहे आणि जे खरंच मुलाखतीला निघालेत, त्यांनी लॉगबुक आधी तपासावं. तासांची बेरीज, सह्या, खाडाखोड सगळं बघावं. वर्ग १ चं मेडिकल, रेडिओ टेलिफोनीचा परवाना, इंग्रजी भाषेच्या चाचणीची पातळी यांची मुदत मुलाखतीच्या तारखेपलीकडे हवी. हवामान, नेव्हिगेशन, नियम यांची पुस्तकं परीक्षेनंतर माळ्यावर गेली असतील तर खाली काढावीत, मुलाखतीत तेच विचारतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. तिथं साहित्यिक इंग्रजी नको असतं, स्वच्छ आणि थोडक्यात बोलणं हवं असतं, आणि ते रोज अर्धा तास मोठ्यानं बोलून येतं.

आपल्या घरांतली एक नेहमीची अडचण नावांची. दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शैख', पासपोर्टवर आडनाव आधी, बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव अर्धंच. दुसऱ्या नोकरीत चालून जातं, इथं नाही. परवाना, पासपोर्ट आणि विमानतळाच्या पाससाठीची पार्श्वभूमी तपासणी, तिन्हीकडे नाव अक्षरशः एक लागतं. राजपत्रात नाव दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम अकरावीतच उरकावं.

बारावीत फिजिक्स आणि गणित नसेल तर एनआयओएसमधून हे दोन विषय देता येतात. ही अट शिथिल करण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली, पण चर्चेवर फी भरू नका. आणि फी भरण्याच्या कितीतरी आधी वर्ग २ चं मेडिकल, मग वर्ग १ चं करून घ्या. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही. रंग नीट न ओळखता येणं मात्र अडतं, आणि ते बऱ्याच मुलांना डॉक्टरांसमोर बसेपर्यंत माहीतच नसतं. ही तपासणी काही हजारांत होते. आधी तिचा निकाल हातात येऊ दे, मग मेळाव्याचं आणि तारणाचं बोलू.