अठरा पूर्ण, छप्पर रद्द

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांत उभे राहिलेले कितीतरी बंगले सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या अनाथ मुलाला मात्र खोली मागताच पहिला प्रश्न येतो, ‘कुणाचा रे तू?’ त्याने काय सांगावे?

बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 46 अशा तरुणांना अर्थसाहाय्य ‘देता येईल’ म्हणते. ‘दिलेच पाहिजे’ म्हणत नाही. 2016 च्या केंद्रीय आदर्श नियमांत सहा ते आठ जणांच्या सामूहिक निवासाची तरतूद आहे, तीही तात्पुरती. महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांना 1 टक्का आरक्षण दिले, हे स्तुत्यच. पण त्या नोकरीचा अभ्यास त्याने करायचा कुठे? एसटी स्थानकाच्या बाकावर?

शासनाला दूषणे देऊन आपण मोकळे होतो. मुलांच्या वाढदिवसाला बालगृहात मिठाई नेऊन छायाचित्रे काढणारे आपणच ना? तोच मुलगा मिसरूड फुटल्यावर आपल्या आळीत जागा मागू लागला की आपली करुणा अंग चोरते. (मुलगी असेल तर अधिकच!) येथे देणगीची पावती नको आहे. तालुक्यागणिक सहा जणांपुरते एक घर, आणि भाडेकरारावर जामीन म्हणून गावातल्या प्रतिष्ठितांपैकी एकाची सही हवी आहे.