घरच्यासारखें

उपाहारगृहांतून जेवून बाहेर पडतांना आपल्या मंडळींच्या तोंडीं एक वाक्य ठरलेलें असतें : “बरें होतें; पण घरच्यासारखें नव्हे.” पक्वान्नाच्या बाबतींत तर हा निकाल पानावर बसण्यापूर्वींच तयार असतो. आम्हींहि असे निकाल पुष्कळ दिले. त्यांतील एक आमच्यावरच उलटला. तो प्रसंग पुढें येईलच. तत्पूर्वीं पक्वान्नाची परीक्षा कशी करावी, हें या सदरांत थोडें पाहूं.

प्रथम श्रीखंड घ्या. हॉटेलांत तें अगदीं थंडगार वाढण्याची चाल आहे. थंडपणामुळें जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणून पहिल्या घासाला जें बेताचें वाटतें, तेंच थंडपणा ओसरला कीं अतिगोड लागतें. यास्तव वाटी पांच मिनिटें तशीच ठेवून मग चव घ्यावी. साखरेच्या मागून दह्याची आंबट चव आली पाहिजे. ती न आली तर चक्का थोडा व साखर फार, असें समजावें. सरकारी नियमांतहि श्रीखंडांतील पाणी वगळून उरणाऱ्या भागांत शेंकडा ७२.५ पर्यंत साखरेस मोकळीक आहे. तेव्हां नियमांत बसलें एवढ्यानें श्रीखंड चांगलें ठरत नाहीं. पिवळ्या रंगावरून केशराची ग्वाही तर मुळींच देऊं नये. तो रंग बाटलींतूनहि येतो.

बासुंदींत दाटपणाची परीक्षा करावी. आटवलेल्या दुधाला किंचित् तांबूस छटा व खमंग वास असतो, आणि जिभेवर साय लागते. पीठ लावून आणलेला दाटपणा तोंडांत खळीसारखा बुळबुळीत लागतो. संशय असल्यास घरीं आणलेली चमचाभर बासुंदी वेगळी काढून तींत आयोडिनचा थेंब टाकावा. निळा रंग आला तर पीठ आहेच. ती चमचाभर बासुंदी अर्थात् टाकून द्यावी.

तुपांतल्या जिनसांची परीक्षा टाळूवर होते. साजुक तूप तोंडाच्या उबेनें विरघळतें. वनस्पति तुपाचा मात्र मेणासारखा थर मागें राहतो. शिवाय क्रम महत्त्वाचा. जिलेबीमागून खाल्लेली बासुंदी पाणचट लागते, पण तो दोष बासुंदीचा नव्हे. सौम्य पदार्थ आधीं चाखावा, मध्यें पाण्याचा घोट घ्यावा, आणि श्रीखंडाचा निकाल तर पुरीबरोबर खाल्ल्यावांचून देऊंच नये.

हें सारें शास्त्र आम्हीं मध्यंतरीं पुण्यांतील एका भोजनगृहांत मोठ्या अधिकारानें चालविलें. आमच्या थोरल्या वहिनींस साठ वर्षें पुरीं झालीं म्हणून घरांतील लहानमोठीं चौदा माणसें जेवावयास गेलों होतों. श्रीखंड चाखून आम्हीं निकाल दिला, “चक्का उत्तम, पण घरच्यासारखें नाहीं.” घरचें म्हणजे वहिनींच्या हातचें, हें सर्वांस ठाऊक होतें. या स्तुतीनें त्या प्रसन्न होतील, अशी आमची समजूत.

वहिनींनीं वाटी निपटून संपविली, वाढप्याकडून पुन्हा भरून घेतली, आणि शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, मला हें घरच्याहून चांगलं लागलं. पुरी गरम आहे.”

पंक्तींत कोणी बोलेना. आम्ही मनांतल्या मनांत मागचे दसरे मोजूं लागलों. आदल्या रात्रीं चक्का टांगावयाचा वहिनींनीं, सकाळीं तो पुरणयंत्रांतून काढावयाचा त्यांनींच. मग आमची पंगत, मुलांची पंगत, पाहुण्यांची पंगत. आणि तोंवर वहिनी कढईपाशीं. त्या पानावर बसत तेव्हां पुऱ्या निवालेल्या व श्रीखंड पातेल्याच्या कडेला लागलेलें असे. पस्तीस वर्षें आम्हीं त्यांच्या हातचें श्रीखंड खाल्लें. त्या श्रीखंडाबरोबर त्यांना गरम पुरी मिळाल्याचें आम्हांस एकदांहि आठवेना.

‘घरच्यासारखें’ हें माप पहिल्या पंक्तीस बसणारांचें आहे, हें त्या दिवशीं कळलें. हॉटेलचें श्रीखंड श्रीखंडाच्याच गुणदोषांवरून पारखावें. घरच्या पक्वान्नाचें कौतुक अवश्य करावें. पण तें घरींच, आणि करणारीस पहिल्या पंक्तीस बसवून.

येत्या दसऱ्यास आमच्याकडे पुऱ्या आम्ही तळणार आहों. त्या घरच्यासारख्या झाल्या कीं नाहीं, हा निकाल वहिनींनीं द्यावयाचा आहे.