घर विकावें कीं राखावें?

गेल्या तीन-चार वर्षांत पुण्याच्या एरंडवणें, डेक्कन जिमखाना, कोथरूड या भागांतील जुन्या बंगल्यांच्या दारीं एक नवीन पाहुणा येऊं लागला आहे. हा पाहुणा अत्यंत अदबशीर असतो. तो चपला बाहेर काढतो, घरांतील वडील माणसांस वांकून नमस्कार करतो, दारच्या आंब्याची चौकशी करतो, नको नको म्हणत चहा घेतो, आणि जातांना मागें एक आंकडा ठेवून जातो. पाहुणा जातो, आंकडा मात्र मुक्कामास राहतो. तो जेवणाच्या पानाशीं येऊन बसतो, रात्रीं माडीवर नवराबायकोच्या बोलण्यांत डोकावतो, परगांवच्या भावाच्या फोनमधून पुन्हां घरांत शिरतो. आणि ज्या घरांत चाळीस वर्षें ‘आपलें घर’ एवढाच शब्द होता, तेथें ‘माझा वाटा’ हा शब्द प्रथमच उच्चारला जातो.

या संबंधानें आमच्याकडे जी विचारणा होते ती बहुधा एकाच स्वरूपाची असते: “भाव इतका चढला आहे, आतां विकलें नाहीं तर संधि जाईल काय?” आमच्या मतें या प्रश्नांतच एक भूल दडलेली आहे. ज्या बाजारांत आपलें घर महाग झालें, त्याच बाजारांत आपणांस दुसरें घर घ्यावयाचें असतें. विकणारे आपणच आणि घेणारेही आपणच. तेव्हां भाव दुप्पट झाला म्हणून आपण दुप्पट श्रीमंत झालों असें होत नाहीं, दोन्ही पारडीं सारखींच वर गेलीं इतकेंच. उलट मुद्रांकशुल्क, दलाली, कर हे मधले खर्च भावाच्या प्रमाणांत वाढतात. म्हणून तेजींत घर बदलणें मंदींत बदलण्यापेक्षां महागच पडतें. चढलेल्या भावाचा खरा लाभ मोठें घर सोडून लहानांत जाणारास, पुणें सोडून वाई-सांगलीकडे कायमचें जाणारास, किंवा ज्याचें दुसरें घर आधींच उभें आहे त्यास. यांपैकीं आपण कोणी नसूं, तर आंकड्याकडे पाहून मोहरून जाण्याचें कांहीं कारण नाहीं.

शिवाय तो आंकडा घराचा नव्हेच. सागवानी जिना, शहाबादी फरशी, वडिलांनीं स्वतः उभें राहून बांधून घेतलेली विहीर, यांची किंमत बिल्डरच्या हिशेबीं शून्य. किंबहुना उणेच, कारण तें सारें पाडण्यास त्याला खर्च येतो. तो मोजतो जमीन, आणि तिच्यावर किती मजले चढवितां येतील तें. डिसेंबर २०२० मध्यें मुंबई वगळून राज्यांतील बहुतेक शहरांस एकत्रित विकास नियमावली लागू झाली. ६ मार्च २०२२ रोजीं वनाझपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत मेट्रो धांवूं लागली. आपल्या अंगणाचा भाव वाढला तो अशा बाहेरच्या कारणांनीं. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे निदान एक फायदा होतो. नियमावली आणि मेट्रो उद्यां सकाळीं उठून कोठें जावयाचीं नाहींत हें समजतें, आणि “आठ दिवसांत उत्तर द्या” या निरोपाचें दडपण उतरतें.

भाव सतत चढतच राहतो असेंही नाहीं. मुंबईंत १९९५ च्या सुमारास घरांचे भाव शिखरास पोंचले आणि मग जे घसरले, ते पुन्हां त्या पातळीस येण्यास सुमारें १० वर्षें लागलीं. त्या सालीं जे विकून मोकळे झाले ते पुढें शहाणे ठरले. ज्यांनीं त्याच सालीं कर्ज काढून घर घेतलें त्यांस बराच काळ पश्चात्ताप झाला. परंतु हेंच शिखर आहे असें त्या वर्षीं कोणास ठाऊक होतें? शहाणपण तेव्हांही योगायोगाचें होतें. कुटुंबाच्या छपराचा निर्णय अशा भाकितावर सोंपवूं नये.

मग तो कशावर करावा? आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. माणसें ओळखूं येऊं नयेत म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून आलेल्या पुरानें नदीकांठच्या पेठांची वाताहत केली आणि कित्येक कुटुंबें पेठ सोडून बाहेर आलीं. त्यांतीलच हें एक. वडिलांनीं १९६४ सालीं स्वकष्टाच्या पैशानें एरंडवण्यांत घर बांधलें, आणि मृत्युपत्र न करतांच ते वारले. मागें आई, वय वर्षें ८८. तीन मुलगे व एक मुलगी. थोरला व त्याची पत्नी खालीं आईजवळ, मधल्याचा संसार माडीवर, धाकटा बंगळूरास, बहीण नागपुरास. बिल्डरनें देऊं केले ८ कोटि. थोरल्यानें कागद घेतला आणि आठास तिहींनीं भागलें.

तेथेंच घोटाळा झाला. स्वकष्टार्जित मिळकतीचा मालक मृत्युपत्रावांचून वारला, तर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें त्याची विधवा, मुलगे व मुली हीं सर्व सारख्या वाट्याचीं वारस असतात. भागावयाचें तें तिहींनीं नव्हे, पांचांनीं. मिळकत वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असली तरीही ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार आहे. त्या दिवशीं वडील हयात असावयास हवे होते काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं मुलींच्या बाजूनें मिटविला. पूर्वीं भाऊ वाटण्या करीपर्यंत राहत्या घराची वाटणी मागण्याचा मुलीस अधिकार नव्हता. तें कलमही २००५ सालींच गेलें. तरी भाऊबीजेची ओवाळणी आटोपल्यावर बहिणीपुढें हक्कसोडपत्र सरकविण्याची चाल कांहीं सुशिक्षित घरांतून अद्याप आहे. तिनें समजून-उमजून, आपल्या वकिलास विचारून हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. परंतु तबकाखालून आलेल्या कागदावर सही घेणें यास आम्ही प्रीति म्हणणार नाहीं.

आतां पांचांनीं भागून पाहूं. प्रत्येकीं १ कोटि ६० लाख. २३ जुलै २०२४ पासून अशा विक्रींतील दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि जुन्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत धरतां येते. ती समजा ८० लाख ठरली, तर नफा ७ कोटि २० लाख व कर ९० लाख; म्हणजे प्रत्येकाच्या माथीं १८ लाख, अधिभार व उपकर निराळे. त्या तारखेपूर्वींच्या घरास महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनीं हिशेब करण्याचीही मुभा आहे; दोन्ही करून पाहावे व कमी असेल तो धरावा. आमच्या उदाहरणांत साडेबाराच किंचित् कमी येतो. जो आपला नफा पुन्हां राहत्या घरांत घालील त्यास हा कर माफ आहे. विक्रीच्या आधीं १ वर्षांत किंवा नंतर २ वर्षांत घर विकत घ्यावें, अथवा ३ वर्षांत बांधून पुरें करावें. तोंपर्यंत न गुंतलेली रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वीं बँकेंतील त्यासाठींच्या खास खात्यांत ठेवावी. नव्या घराच्या खरेदीखतावर पुण्यांत पुरुषाच्या नांवें ७ टक्के व स्त्रीच्या नांवें ६ टक्के मुद्रांकशुल्क, शिवाय नोंदणीचे ३० हजार. तेव्हां १ कोटि ६० लाखांच्या वाट्यांत बसणारें घर सुमारें १ कोटि ४९ लाखांचें. दलाली, सामान हलविणें, नवीं कपाटें हीं अजून धरलींच नाहींत.

या रकमेंत त्याच आळींत काय मिळतें, याचा शोध मधल्या भावानें घेतला. दोन शयनगृहांचें घर, तेंही जुन्या इमारतींत. ज्या कुटुंबाजवळ एकत्र असतांना आठ खोल्या, अंगण व विहीर आहे, तें वाटण्या होतांच कोठेंही पुरेसें मावत नाहीं. शिवाय एका स्वयंपाकघराचीं तीन झालीं म्हणजे तीन शेगड्या, तीन मोलकरणी, आणि आजारीपणांत रात्रीं जागण्यास प्रत्येक घरीं एकच माणूस! हा खर्च कोणताही बिल्डर कागदावर दाखवीत नाहीं.

परंतु हिशेब हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. महिनाभर त्या घरांत चर्चा चालली, आणि प्रत्येकजण आईच्या वतीनें बोलत होता. आईला हें घर सोडवणार नाहीं, तिच्या डोळ्यांदेखत भिंत पडतां कामा नये, असें थोरला म्हणे; धाकटा फोनवरून तेंच म्हणे. आईला मात्र कोणी विचारलें नव्हतें. शेवटीं नागपूरहून लेक आली आणि तिनें सरळ विचारलें. म्हातारी म्हणाली, “माझा जीव आहेच या घरांत. पण तुम्ही सगळीं दहाला बाहेर पडलांत कीं सहापर्यंत मी एकटी. शेजारचे तिन्ही बंगले गेले. हांक मारायला माणूस उरलें नाहीं. माडी मीं नऊ वर्षांत पाहिलेली नाहीं. जिथें दुपारीं चार बायका येऊन बसतील, अशा ठिकाणीं मी उद्यां चलेन. मला फक्त दोनदां हलवूं नका.”

हलावयास खरोखर नाखूष निघाली ती मधली सून. तिच्या मुलीची दहावी, आणि शाळा चार पावलांवर. तिलाही तोंवर कोणी विचारलें नव्हतें.

‘दोनदां हलवूं नका’ या तीन शब्दांनीं निम्मे मार्ग आपोआप बंद झाले. पुनर्विकासाचा करार करून त्याच भूमीवर नवीं घरें घ्यावीं, हा मार्ग पुष्कळांस मोहवितो आणि तरुण कुटुंबास तो पुष्कळदां योग्यही असतो. करही त्यांत बांधकाम पुरें झाल्याच्या दाखल्यापर्यंत पुढें जातो. परंतु मधलीं दोन-तीन वर्षें भाड्याच्या जागेंत काढावीं लागतात. भाडें बिल्डर देतो. ८८ वर्षांच्या आईला तीं वर्षें कोण देणार? आधीं विकून मग सावकाश शोधूं, हेंही त्याच कारणानें बाद.

आमचा सल्ला असा पडला कीं घर विकावें. भाव चढला म्हणून नव्हे. भाव निम्मा असता तरी आम्ही हेंच म्हटलें असतें. ज्या घरांत आई दिवसभर एकटी आहे आणि वरचा मजला जिला बंद आहे, तें घर तिच्यापुरतें आधींच उठलें आहे. मात्र आई, थोरला व मधला यांनीं आपले तीन वाटे एकत्र करून, लिफ्ट असलेल्या एकाच इमारतींत, शेजारशेजारचीं दोन घरें घ्यावीं. धाकट्यानें व बहिणीनें रोख घ्यावी. आईचा वाटा जेथें गुंतेल तेथें आईचें नांव असावें. सोयीसाठीं म्हणून तो मुलाच्या नांवें करूं नये. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, परत मागण्याची सोय २००७ च्या कायद्यानें वृद्धांस दिली आहे खरी; पण तिची पाळी येऊं न देणें अधिक बरें. भावांपैकीं कोणास घर राखावयाचेंच असतें, तर परक्यास देण्यापूर्वीं सहवारसाचा वाटा विकत घेण्याचा अग्रहक्क वारसा कायद्यांत आहे. येथें तेवढी ऐपत कोणाचीच नव्हती.

आणि तेजीचा उपयोग? तो येथें आहे. गिऱ्हाईक उतावीळ असतें तेव्हां विकणारे आणखी वीस लाखांसाठीं घासाघीस करीत बसतात. आमच्या मतें त्या वेळीं रक्कम न मागतां अटी मागाव्या. इसार घेऊन साठेखत नोंदवावें, आणि त्यांत जुन्या घराचा ताबा नव्या घराच्या ताब्यानंतर दोन महिन्यांनीं, असें स्पष्ट लिहून घ्यावें. मंदींत ही अट कोणी ऐकून घेत नाहीं, तेजींत ऐकतात. नवें घर मात्र भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलें, तयारच घ्यावें. त्यावर वस्तु व सेवाकर नाहीं, आणि बांधकाम कधीं संपेल या चिंतेंत आईचे दिवस जात नाहींत.

कागदांचें काम मात्र अगदीं मागें पडलेलें होतें. मालमत्तापत्रकावर अजून वडिलांचेंच नांव. तेव्हां प्रथम नगरभूमापन कार्यालयांत पांचही वारसांच्या नोंदीचा अर्ज दिला, १९६४ चा मंजूर नकाशा माळ्यावरच्या पेटींतून शोधून काढला, आणि २००१ ची किंमत ठरविण्यास नोंदणीकृत मूल्यांकक येऊन मोजमाप करून गेला. मधल्या सुनेच्या सांगण्यावरून बिल्डरला कळविलें आहे कीं मुलीची परीक्षा मार्चमध्यें आटोपेल, म्हणून जूनच्या आधीं ताबा मिळावयाचा नाहीं. आठ दिवसांत उत्तर मागणारा तो गृहस्थ आतां, विचार करून सांगतों, म्हणाला आहे.