विश्लेषण : दोघांच्या निवांत भटकंतीवर बार्सिलोना का वैतागले?

शुक्रवारी संध्याकाळचे स्वस्त विमान, दोन रात्रींपुरता घेतलेला फ्लॅट, शनिवारी जुन्या शहराच्या गल्लीबोळांत पायी भटकंती, दुपारी चौकातल्या टेबलावर तापास म्हणजे छोट्या छोट्या डिश आणि वाइन, रात्री समुद्रकिनारी जेवण आणि रविवारी परत. युरोपातली असंख्य जोडपी अशी छोटी सुट्टी घेतात. तिला ‘सिटी ब्रेक’ म्हणतात. त्यात दंगा नसतो, गोंधळ नसतो. तरीही बार्सिलोनात अशाच निवांत जेवायला बसलेल्या पर्यटकांवर स्थानिकांनी पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. शहराचा राग थेट जेवणाच्या टेबलापर्यंत का पोहोचला?

नेमके काय घडले?

६ जुलै २०२४ रोजी बार्सिलोनात पर्यटनाच्या अतिरेकाविरोधात मोर्चा निघाला. पोलिसांच्या अंदाजानुसार त्यात सुमारे २,८०० लोक होते. काही आंदोलकांनी फुटपाथवरच्या टेबलांवर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी मारले. काही ठिकाणी हॉटेले आणि रेस्तराँसमोर पट्ट्या बांधून ती प्रतीकात्मकरीत्या ‘बंद’ केली. ‘पर्यटकांनो, घरी जा’ अशा घोषणा झाल्या. कोणी जखमी झाले नाही, पण ती दृश्ये जगभर पोहोचली. १५ जून २०२५ रोजी पुन्हा आंदोलन झाले आणि या वेळी स्पेन, इटली व पोर्तुगालमधल्या अनेक शहरांत एकाच दिवशी लोक रस्त्यावर उतरले. पिचकारी तोवर या आंदोलनाची खूणच झाली होती.

सिटी ब्रेक इतका सोपा कसा झाला?

बार्सिलोना हे मुळात उद्योगांचे आणि बंदराचे शहर. १९९२ च्या ऑलिंपिकसाठी तिथला समुद्रकिनारा मोकळा करण्यात आला, शहराचा चेहरामोहरा बदलला आणि ते जगाच्या पर्यटन नकाशावर ठळकपणे आले. त्याच दशकात युरोपीय महासंघाने विमान वाहतूक खुली केली. १९९७ पासून महासंघातील कोणत्याही विमान कंपनीला महासंघात कुठेही विमाने उडवता येऊ लागली. स्वस्त विमानसेवा त्यातूनच फोफावली. २००८ मध्ये एअरबीएनबी सुरू झाली आणि हॉटेलऐवजी कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये राहणे सोपे झाले. पुढे मोबाइलमधल्या नकाशांनी गाइडची गरजही संपवली.

परिणामी लंडन किंवा बर्लिनमधल्या जोडप्याला वीकेंडसाठी बार्सिलोना गाठणे म्हणजे मुंबईकराने लोणावळा गाठण्यासारखे झाले. २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या विमानतळावरून सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांनी ये-जा केली. स्पेनमध्ये त्या वर्षी जवळपास ९.४ कोटी परदेशी पर्यटक आले. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आहे आणि बार्सिलोना शहराची १७ लाखांच्या आसपास.

नुसत्या भटकण्याचा त्रास कसा होतो?

गर्दी एखाद्या वास्तूत होत असेल तर उपाय सोपा असतो. तिकीट लावा, वेळ ठरवून द्या, संख्या मर्यादित ठेवा. अंतोनी गौदीने उभारलेल्या पार्क ग्वेलच्या मुख्य भागाला २०१३ पासून तिकीट आहे. साग्रादा फामिलिया या चर्चमध्येही वेळ ठरवूनच प्रवेश मिळतो. पण सिटी ब्रेकवर आलेल्या जोडप्याला दोन-तीन वास्तू पाहून झाल्यावर शहराचे रोजचे जगणे अनुभवायचे असते. गल्ली, चौक, बाजार, बाक, बस, कोपऱ्यावरचा बार यांना तिकीट नाही आणि त्यांची क्षमता मर्यादित आहे. नेमक्या याच गोष्टी तिथल्या रहिवाशाला रोज लागतात.

याचे बोलके उदाहरण म्हणजे ११६ क्रमांकाची बस. पार्क ग्वेलच्या परिसरातल्या चढ-उतारांच्या गल्ल्यांतून ही छोटी बस धावते. वृद्धांसाठी तर ती आधारच. पण नकाशाच्या अॅपवर पार्ककडे जाण्याचा मार्ग म्हणून ती दिसू लागली आणि बस पर्यटकांनी भरून जाऊ लागली. बाजारहाट करून परतणाऱ्या आजीबाईंना जागा मिळेना. अखेर पालिकेच्या पाठपुराव्यानंतर २०२४ मध्ये हा मार्ग गूगल मॅप्सवरून हटवण्यात आला. बस धावत राहिली, फक्त पर्यटकांना दिसेनाशी झाली.

दुसरे उदाहरण तुरो दे ला रोविरा या टेकडीचे. स्पॅनिश यादवीच्या काळातल्या विमानविरोधी तोफांची ही जागा. तिथून पूर्ण शहर दिसते. समाजमाध्यमांवर तिथल्या सूर्यास्ताची छायाचित्रे पसरली आणि रात्री उशिरापर्यंत बिअर घेऊन बसणाऱ्यांची गर्दी वाढली. २०२३ मध्ये पालिकेने तिथे कुंपण घालून रात्रीचा प्रवेश बंद केला. त्यामुळे टेकडी आसपासच्या वस्तीलाही रात्री बंद झाली. पर्यटकांना आवर घालताना रहिवाशांची मोकळीकही कमी होते, ती अशी.

खाण्यापिण्याशी याचा काय संबंध?

शहरातला मोठा बदल दिसतो तो दुकानांच्या पाट्यांवर. ला रांब्ला या प्रसिद्ध रस्त्यालगतची बोकेरिया मंडई मासळी, मांस आणि भाजीसाठी नावाजलेली होती. पण फोटो काढणारा पर्यटक किलोभर मासळी घेऊन जात नाही, कारण ती शिजवायची कुठे? तो फळांचा रस घेतो किंवा कागदी पुडीत हॅमचे तुकडे. विक्रेत्यांनीही तेच मांडायला सुरुवात केली आणि खरेदीला येणारे नेहमीचे गिऱ्हाईक गर्दीला कंटाळून दूर गेले. २०१५ मध्ये पालिकेने शुक्रवार-शनिवारी गर्दीच्या वेळेत १५ किंवा अधिक जणांच्या गटांना मंडईत मनाई केली. मात्र ही मनाई गटांना होती. दोघा-दोघांनी येणाऱ्या हजारोंना ती लागू होत नाही.

रेस्तराँचे गणितही असेच बदलते. शेजारचा माणूस एक कॉफी घेऊन तासभर वर्तमानपत्र वाचतो. सुट्टीवरचे जोडपे त्याच टेबलावर जेवण आणि वाइन मागवते. दुकानाचे भाडे वाढले की मालकाला दुसरेच गिऱ्हाईक परवडते. त्यात आणखी एक मेख आहे. रोजच्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या खाणावळीला चव आणि दर सांभाळावेच लागतात, नाहीतर माणूस उद्या येणार नाही. पर्यटक तसाही उद्या येणार नसतो.

स्पेनमध्ये दुपारच्या ठरावीक दरातल्या जेवणाला ‘मेनू देल दिया’ म्हणतात. आपल्याकडच्या राइस प्लेटसारखाच हा कामावरच्या माणसाचा आधार. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात फ्रँकोच्या राजवटीत त्याची सुरुवात पर्यटकांसाठीचा स्वस्त मेनू म्हणून झाली होती. पुढे स्थानिकांनी तो आपलासा केला. पर्यटकांसाठी केलेल्या सोयीतून शहराचे भले होऊ शकते, याचा हा दाखला. आता मात्र पर्यटकांच्या वस्त्यांत उलटा प्रवास सुरू असल्याची तक्रार आहे. शेजाऱ्यांच्या खाणावळी जातात आणि त्यांच्या जागी इंग्रजी पाट्यांची ब्रंच कॅफे येतात. ‘स्थानिक लोक जेवतात तिथे जेवायचे’ म्हणून शोधत निघालेले जोडपे ज्या ठिकाणी पोहोचते, तिथे हळूहळू स्थानिक लोकच उरत नाहीत.

खरा वाद घरांचा आहे का?

होय. पिचकाऱ्यांमागचे सर्वांत मोठे कारण घरभाडे हे आहे. महापौर जाउमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये सांगितले की, आधीच्या दहा वर्षांत शहरातली भाडी ६८ टक्क्यांनी वाढली.

गणित सोपे आहे. समजा एखाद्या फ्लॅटचे पर्यटकांकडून रात्रीला १५० युरो मिळाले आणि महिन्यात २० रात्री तो भरला, तर ३,००० युरो होतात. सफाई आणि कमिशन वजा केले तरी ही रक्कम बार्सिलोनातल्या सरासरी मासिक भाड्यापेक्षा बरीच जास्त ठरते. मग करार संपल्यावर जुन्या भाडेकरूला घर पुन्हा देण्यात मालकाला रस राहत नाही. ज्या जोडप्याने तो फ्लॅट दोन रात्रींसाठी घेतला, त्याला आधी तिथे कोण राहत होते याचा पत्ताही नसतो.

पण सगळा दोष पर्यटकांचा आहे का?

नाही, आणि इथे आकडे नीट पाहायला हवेत. शहरात परवाना असलेले पर्यटक फ्लॅट सुमारे दहा हजार आहेत. एकूण घरांच्या तुलनेत हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी. बार्सिलोनातील अर्थतज्ज्ञांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, एअरबीएनबीमुळे सर्वसाधारण वस्तीत भाडी १.९ टक्के वाढली. मात्र असे फ्लॅट सर्वाधिक असलेल्या वस्त्यांत भाडेवाढ सुमारे ७ टक्के, तर घरांच्या व्यवहारातील किमतींची वाढ १७ टक्के होती. म्हणजे पर्यटनाचा परिणाम खरा आहे, पण तो काही वस्त्यांत एकवटलेला आहे. ६८ टक्क्यांच्या भाडेवाढीचे पूर्ण स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

इतर कारणेही आहेत. सार्वजनिक आणि परवडणारी घरे कमी आहेत. भाड्यावर मर्यादा आल्यानंतर अनेक मालक काही महिन्यांच्या ‘हंगामी’ करारांकडे वळले. फ्लॅटमालक आणि कंपन्यांचे म्हणणे असे की, २०१४ पासून नवे परवाने जवळपास बंद आहेत, तरीही भाडी वाढतच राहिली. शिवाय शहराच्या अर्थव्यवस्थेत पर्यटनाचा वाटा सुमारे १४ टक्के मानला जातो. हॉटेलातला वेटर आणि सफाई कामगार त्यावरच जगतात. अडचण अशी की त्याच वेटरला शहरात घर परवडत नाही.

पालिकेने काय उपाय केले?

सर्वांत मोठा निर्णय फ्लॅटबाबतचा. पर्यटकांना देण्यात येणाऱ्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर नूतनीकरण न करण्याची घोषणा कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये केली. ज्या प्रादेशिक कायद्याच्या आधारे हे होणार आहे, तो स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवला. ऑक्टोबर २०२४ पासून पालिकेचा पर्यटक अधिभार प्रत्येकी एका रात्रीला ४ युरो झाला. जुलै २०२५ मध्ये क्रूझ जहाजांची टर्मिनल २०३० पर्यंत सातवरून पाचवर आणण्याचा करार झाला.

यातली विसंगतीही लपत नाही. जून २०२५ मध्येच कातालोनिया सरकारने विमानतळाच्या विस्ताराची, त्यातल्या एका धावपट्टीची लांबी वाढवण्याची योजना पुढे आणली. एकीकडे राहण्याच्या जागा कमी करायच्या आणि दुसरीकडे येण्याचा दरवाजा रुंद करायचा, यावर आंदोलकांचा आक्षेप आहे. दोन रात्रींचे काही युरो वाचावेत म्हणून कोणी सहल रद्द करेल, अशीही शक्यता कमीच.

इतर शहरांनी काय केले?

व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरते येणाऱ्यांना ५ युरो प्रवेश शुल्क लावले. २०२५ मध्ये ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी ते १० युरो केले. शहरात शिरायलाच शुल्क, म्हणजे भटकंतीला तिकीट लावण्याचाच हा प्रयोग. मात्र व्हेनिसच्या जुन्या शहराची लोकसंख्या ५० हजारांच्या खाली गेली आहे. फ्लोरेन्सने २०२३ मध्ये ऐतिहासिक केंद्रात नव्या अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांना बंदी घातली. अॅमस्टरडॅमने पर्यटक कर २०२४ मध्ये खोलीभाड्याच्या १२.५ टक्क्यांवर नेला. प्रत्येक शहराचा उपाय वेगळा असला तरी प्रश्न तोच आहे.

मग जायचेच नाही का?

हा प्रश्न आता मराठी वाचकालाही लागू होतो. २०२४ मध्ये शेंगेन व्हिसासाठी भारतातून ११ लाखांहून अधिक अर्ज गेले. चीन आणि तुर्कस्तानानंतर ही सर्वांत मोठी संख्या होती. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या २०११ च्या चित्रपटाने स्पेनची ओढ घरोघरी पोहोचवली.

बहुतेक आंदोलक पर्यटनबंदी मागत नाहीत, मर्यादा मागतात. जाणाऱ्याच्या हातात काही गोष्टी नक्कीच आहेत. हॉटेलात किंवा परवाना क्रमांक दिलेल्या जागेतच राहणे, जुलै-ऑगस्ट टाळणे, दोन दिवसांत चार शहरे करण्याऐवजी एकाच ठिकाणी जास्त दिवस थांबणे आणि रात्री वस्तीत आवाज न करणे. मात्र चांगल्या वागण्याने घरभाडे उतरत नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसलेले एक जोडपे कोणाचेच नुकसान करत नाही. तीच खुर्ची वर्षभर रोज वेगळ्या जोडप्याने भरली की शेजाऱ्याला बसायला जागा उरत नाही. अशा किती खुर्च्या आणि किती घरे पाहुण्यांसाठी ठेवायची, हे पाहुण्याला ठरवता येणार नाही. ते शहरालाच ठरवावे लागेल. बार्सिलोनाच्या निर्णयाची परीक्षा २०२८ नंतर होईल. ते दहा हजार फ्लॅट भाडेकरूंकडे परततात, की हंगामी करारांच्या पळवाटेतून पुन्हा पाहुण्यांकडेच जातात, याकडे युरोपातल्या अनेक शहरांचे लक्ष असेल.